प्राँगहॉर्नपासून एल्कपर्यंत एकच रायफल: कुठलं कॅलिबर घ्यावं?

कोयनाकाठ (फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो) · १८ जानेवारी

नमस्कार मंडळी,

मी मूळची पाटणची. गेली अकरा वर्षं कोलोरॅडोत आहे. दोन हंगाम शेजारच्या आजोबांबरोबर एल्कच्या (इथलं सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला गेले, पण फक्त मांस वाहायला. त्यानंतर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, रेंजवर जाऊ लागले. यंदा स्वतःच्या नावाचं लायसन्स काढायचं ठरवलंय. एप्रिलच्या परवान्यांच्या सोडतीत प्राँगहॉर्नची (माळावरचा काळविटासारखा प्राणी) मादी आणि एल्कची मादी, दोन्हींसाठी अर्ज करणार आहे. पुढेमागे म्यूल डिअरसाठीही.

रायफल मात्र एकच घ्यायची आहे. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच हत्याराला हात बसावा असं वाटतं. अडचण अशी की प्राँगहॉर्नची मादी चाळीस-पंचेचाळीस किलोची, उघड्या माळावर, दोन-अडीचशे यार्डांवर उभी. एल्कची मादी सव्वादोनशे किलोची, नऊ-दहा हजार फुटांवर, झाडीत. मांस खायचंय, त्यामुळे लहान जनावराचा खांदा चिंधड्या झालेला नको. मोठं जनावर जखमी होऊन पळालेलं तर मुळीच नको.

इथल्या नियमांनुसार बिग गेमसाठी, म्हणजे मोठ्या जनावरांसाठी, रायफल किमान .२४ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, इथे इंचांत) लागते, गोळी आदळल्यावर फुलणारी हवी. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी गोळीचं वजन किमान ७० ग्रेन (पंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम), एल्क-मूससाठी ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. म्हणजे .२२३ बाद. पण बाकी सगळं बसतं, आणि तिथेच माझा गोंधळ सुरू होतो.

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. आजोबांची .३०-०६ सहा वेळा चालवली, सातव्या वेळी चाप ओढताना डोळे मिटले. लिहायला संकोच वाटत होता, पण खरं सांगितलं तरच सल्ला नीट मिळेल.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हा धागा जिथे परवाना काढून कायदेशीर शिकार करता येते तिथल्यांसाठी आहे.)

देवराई (अँकरेज, अलास्का) · १८ जानेवारी

ताई, स्वागत. मी .३०-०६ वाला, आणि माझं मत बदलायला अजून कारण मिळालेलं नाही. १९०६ साली अमेरिकन सैन्याने घेतलेलं काडतूस आजही प्रत्येक गावाच्या दुकानात मिळतं. त्याचा खरा गुण म्हणजे गोळीच्या वजनाचा पल्ला. ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंत फॅक्टरी काडतुसं निघाली आहेत. हलकी गोळी हरणाला, १८० ची एल्कला, २०० च्या पुढची आमच्याकडच्या मूसला. इथे नर मूस पाचशे-सहाशे किलोचा असतो आणि झाडीत अस्वल कधी समोर येईल सांगता येत नाही, त्यामुळे मला जड गोळी खोल जायला हवी असते.

१८० ग्रेन, सेकंदाला २७०० फूट वेग, म्हणजे नळीच्या तोंडाशी २९०० फूट-पाउंड. उत्तर अमेरिकेतल्या जवळपास कुठल्याही जनावराला हे पुरतं.

तुमच्या डोळे मिटण्याबद्दल मात्र अनुभवी लोकांनी बोलावं. माझं वजन ८८ किलो आहे, मला त्याचा अंदाज यायचा नाही.

सूत्रधारी (ऑस्टिन, टेक्सस) · १९ जानेवारी

कोयनाताई, आकडे मांडतो.

ऊर्जा काढायची तर ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. वेगाचा वर्ग येत असल्यामुळे जाहिरातीत हलकी-वेगवान गोळी फार देखणी दिसते. पण गोळी हवेत वेग गमावते, आणि लांब-निमुळती गोळी तो कमी गमावते. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं ते याच हिशोबावर. १४३ ग्रेनची गोळी २७०० फूट वेगाने निघते, ३०० यार्डांवर साधारण १६५० फूट-पाउंड उरतात. तुमच्या डोंगरांवर हवा विरळ, त्यामुळे थोडं जास्तच.

धक्क्याचा हिशोब साडेसात-आठ पाउंडाच्या रायफलीत ढोबळ असा: .२४३ ला ९-१० फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूरला १२-१३, ७ मिमी-०८ ला १४ च्या आसपास, .२७० ला १७, .३०८ ला १८, .३०-०६ ला २०, आणि .३०० विन मॅगला २५ च्या पुढे. तुम्ही ज्याला बिचकलात ते २० होतं.

मी टेक्ससमध्ये रानडुकरं आणि व्हाइटटेल हरणं क्रीडमूरनेच मारतो. आमची हरणं लहान, सरळ जागेवर बसतात. एल्कचा अनुभव मला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

रानोमाळ (शेरिडन, वायोमिंग) · १९ जानेवारी

कोयना, संकोच करू नकोस. डोळे मिटले हे तू सहा गोळ्यांत ओळखलंस. मला सहा वर्षं लागली.

२००९ मध्ये पहिली रायफल घेतली. दुकानदार म्हणाला, एल्क म्हणजे .३०० मॅग्नम, त्याखाली विचारच नको. घेतली. रेंजवर वर्षातून एकदा, हंगामाच्या आदल्या आठवड्यात, दहा गोळ्या झाडायचो आणि खांदा चोळत घरी यायचो. कागदावर नेम बरा लागायचा, कारण बेंचवर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवलेली असायची.

२०१५ चा हंगाम. सकाळी साडेसातला नर एल्क दोनशे वीस यार्डांवर आडवा उभा होता. यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. चाप ओढला आणि दुर्बिणीत आभाळ दिसलं. गोळी कुठे लागली ते कळलंच नाही. तो पाठ वाकवून, पाय ओढत झाडीत गेला. जागेवर जाऊन पाहिलं तर गवतावर रक्त थोडं आणि त्यात हिरवट चोथा, वास येत होता. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको. गोळी पोटात लागली होती. फुफ्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. ते नव्हतं.

सहा तास थांबून माग काढायला लागलो. तो दिवस, दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅगपाय पक्ष्यांचा कालवा ऐकू आला तिथे तो सापडला, पाण्याजवळ. मांस गेलं होतं. मी माझं टॅग (लायसन्ससोबतची, एका जनावरापुरती चिठ्ठी) त्याच्यावर लावलं, कारण तो मीच मारला होता, आणि त्या वर्षीची शिकार माझ्यापुरती तिथेच संपली.

घरी आल्यावर एका जुन्या शिकाऱ्याने मला मॅगझिन भरून दिलं, पाठ फिरवून. त्यात खऱ्या गोळ्यांमध्ये दोन खोटी काडतुसं होती. कुठल्या क्रमाने, ते मला माहीत नव्हतं. खोट्यावर चाप ओढला की बार होत नाही, फक्त 'खट' होतं. त्या क्षणी माझ्या नळीचं टोक चार इंच खाली गेलं. मी स्वतः पाहिलं. सहा वर्षं मी असंच झाडत होतो आणि धक्क्यामुळे ते कधी दिसलंच नव्हतं.

ती रायफल विकली. .३०८ घेतली, त्यानंतर नऊ एल्क, सगळे पन्नास-साठ पावलांच्या आत पडले. म्हणून माझं म्हणणं एवढंच: तुझ्या खांद्याला जे झेपतं त्यापासून सुरुवात कर आणि तिथून जनावराकडे जा. दुकानदार उलट दिशेने नेतो.

कोयनाकाठ · १९ जानेवारी

रानोमाळदादा, हे दोनदा वाचलं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. खोट्या काडतुसांची परीक्षा मी येत्या शनिवारीच घेते.

हिमगंध (ऑस्टरसुंड, स्वीडन) · २० जानेवारी

स्वीडनमधून थोडं. आधी नावाचा घोळ मिटवते: इथे 'एल्य' म्हणतात तो तुमचा मूस, अमेरिकन एल्क नव्हे. नर चारशे-पाचशे किलोचा होतो. आणि हा प्राणी इथे पिढ्यान्‌पिढ्या ६.५×५५ ने मारला जातोय, ते काडतूस १८९४ चं. म्हणजे साडेसहा मिलिमीटर मोठ्या जनावराला अपुरं, हे सरसकट खरं नाही.

पण इथला कायदा वाचला की खरी गोम कळते. मोठ्या जनावरासाठी क्लास १ चं काडतूस लागतं. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर १०० मीटरवर २००० जूल पुरतात. गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल तर २७०० जूल हवेत. म्हणजे हलक्या गोळीकडून जास्त ऊर्जा मागितली आहे. म्हणून आमच्याकडे ६.५×५५ मध्ये मूससाठी लांबलचक १५६ ग्रेनची गोळी घालतात, ती १०.१ ग्रॅमची भरते. सूत्रधारींची १४३ ग्रेनची गोळी ९.२७ ग्रॅमची, ती २७०० जूलच्या अगदी काठावर अडकते. कायदा करणाऱ्यांनी ऊर्जेच्या एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जड गोळी हाड फोडून पुढे जाते.

आणखी एक. इथे १९८५ पासून शिकाऱ्याची परीक्षा सक्तीची आहे, आणि मूसच्या शिकारीला निघताना जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा दोन तासांत जागेवर पोचेल अशी व्यवस्था असावी लागते. रानोमाळ यांच्याजवळ असा कुत्रा असता तर तो एल्क त्याच दिवशी सापडला असता, असं वाचताना सारखं वाटत राहिलं.

पाऊसपाणी (कोथरूड, पुणे) · २० जानेवारी

मी शिकारीच्या विरोधात आहे आणि ते इथे सांगणं मला गरजेचं वाटतं. तिसऱ्या दिवशी सापडलेला तो एल्क डोळ्यांसमोरून जात नाही. मांस दुकानात मिळतं, मग हे कशासाठी?

कोयनाकाठ · २० जानेवारी

पाऊसपाणी, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी अकरा वर्षं दुकानातलंच मांस खाल्लं. ते जनावर कुठे वाढलं, कसं मेलं, मला काहीच माहीत नव्हतं. एल्क निदान शेवटच्या क्षणापर्यंत डोंगरात असतो. आणि अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. लांडगे इथून संपवले गेले होते, ते २०२३ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा सरकारी योजनेतून परत सोडले, तेही दहाच. कुठल्या भागात किती माद्या मारायच्या हे वन्यजीव खातं दरवर्षी मोजणी करून ठरवतं. माझ्या लायसन्सचे पैसे त्याच खात्याला जातात. १९३७ पासून रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तोही वन्यजीवांच्या कामालाच जातो.

तुमचं मत बदलावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तो एल्क माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणूनच हा धागा काढलाय.

बोरीबाभळी (चंद्रपूर) · २१ जानेवारी

मी सैन्यातून निवृत्त. शिकार कधी केली नाही, पण रायफल तीस वर्षं हाताळली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडे .३०३ हे लष्करी बोअर म्हणून सामान्य नागरिकाला मिळत नसे, त्यामुळे परवानाधारकांच्या घरी .३१५ असायची, इशापूरच्या कारखान्याची. काडतुसं खडकीची. आमच्या आजोबांकडे होती, पिकाच्या राखणीसाठी. आजोबा साडेपाच फुटांचे, सडपातळ, आणि बंदुकीचा दस्ता त्यांनी सुताराकडून एक बोट कापून घेतला होता. लहानपणी मला ती मोडतोड वाटायची. फौजेत गेल्यावर कळलं की सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं. दस्ता लांब असला की माणूस मान पुढे ताणतो, रायफल खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसते, आणि तोच धक्का दुप्पट लागतो.

बेटा, तू कॅलिबरच्या आधी दस्ता मोज. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकव, बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे.

रानोमाळ · २१ जानेवारी

काकांनी लाखातली गोष्ट सांगितली. इथल्या बहुतेक रायफलींचा दस्ता साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, तो साधारण पावणेसहा फुटी पुरुषाच्या मापाचा. कोयना, तुला साडेबाराच्या आसपासचा लागेल. 'कॉम्पॅक्ट' म्हणून मिळतात. आजोबांच्या .३०-०६ ने तुला जे मारलं त्यातलं निम्मं तरी दस्त्यानं मारलं असणार.

टेकडीपल्याड (क्राइस्टचर्च, न्यूझीलंड) · २२ जानेवारी

इथली गोष्ट वेगळी आहे, पण 'एकच रायफल' हा प्रश्न आमच्याइतका कुणाला पडत नसेल. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरीण, ससे, बकऱ्या, सगळे बाहेरून आणलेले आणि जंगलाला जड झालेले. हिमालयन ताहर १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडले, ते आता डोंगरभर आहेत. एकाच दिवसात सकाळी बकरी, दुपारी हरीण, असं होतं.

मी ७ मिमी-०८ वापरतो. .३०८ चंच काडतूस, मान आवळून सात मिलिमीटरची गोळी बसवलेली, रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणलं. ताकदीने जुन्या ७×५७ च्या घरातलं, ज्याला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत. चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल तीच. १४० ग्रेनची गोळी २८०० फुटांनी जाते, धक्का .३०८ पेक्षा कमी, आणि सातशे ते पाऊणशे हजार ग्रॅमच्या सशाला सोडलं तर सगळ्याला चालते. सशाला .२२ हवी, तिथे एकाच रायफलीचा हट्ट सोडावा.

इथे सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं) कायदेशीर आहे, सर्रास लावतात. आवाजाबरोबर धक्काही बराच कमी होतो. ताई, बिचकण्याचं अर्धं कारण आवाज असतो, खांदा नव्हे. रेंजवर कानात बोळे घालून वरून इअरमफही लाव, फरक त्याच दिवशी कळेल.

सूत्रधारी · २२ जानेवारी

वजनाच्या आकड्यात तुमची गफलत झालीये, ससा दीड-दोन किलोचा म्हणायचं असेल. बाकी सहमत. आणि एक गणित मांडायचं राहिलं होतं. २०० यार्डांवर झिरो केलं (म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी दुर्बीण लावली) तर ३०० यार्डांवर .३०८ ची गोळी आठ-नऊ इंच खाली जाते, .२७० ची सातच्या आसपास, बाकीच्या मधे कुठेतरी. म्हणजे दोन इंचांचा फरक. प्राँगहॉर्नच्या हृदय-फुफ्फुसाची जागा सात-आठ इंचांची, एल्कची दहा-बारा. ज्या फरकावर आम्ही वर्षानुवर्षं वाद घालतो तो बहुतेकांच्या हाताच्या थरथरीपेक्षा लहान आहे. हे माझं मलाच आज लिहून काढल्यावर नीट दिसलं.

टेकडीपल्याड · २२ जानेवारी

हो, दीड-दोन किलो. घाईत चुकलं, धन्यवाद.

नवाकोरा (फिनिक्स, ॲरिझोना) · २४ जानेवारी

मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-वन-बी वर आहे. मला रायफल घेता येईल का?

रानोमाळ · २४ जानेवारी

हे नीट वाच, कारण यात चूक झाली तर व्हिसाच जाईल. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगणंच मना आहे, विकत घेणं तर दूर. मित्राची रेंजवर हातात घेतली तरी तो ताबा धरला जाऊ शकतो. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे वैध शिकार-लायसन्स जवळ असणं. म्हणजे आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग बाकी सगळं. राज्याचे नियम आणखी वेगळे असू शकतात, वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही.

देवराई · २६ जानेवारी

गोळीच्या बांधणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण कॅलिबरपेक्षा याने जास्त फरक पडतो. शिशाची साधी गोळी जवळून वेगात आदळली की फुटते. हरणाच्या खांद्यात आतल्या आत रक्त पसरून मांस जेलीसारखं होतं, शिशाचे बारीक कण लांबपर्यंत जातात. आपण ते खातो, आणि मागे टाकलेली आतडी गरुड खातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या.

अखंड तांब्याची गोळी फुलते पण तुकडे होत नाहीत, आरपार जाते. त्यामुळे हलकी गोळीही जड गोळीचं काम करते, आणि लहान जनावराचं मांसही कमी नासतं. तुमचा 'लहान-मोठं दोन्ही' हा प्रश्न कॅलिबरने जितका सुटेल त्याहून जास्त याने सुटेल. अट एकच, आदळताना वेग १८००-२००० फुटांच्या वर हवा, नाहीतर ती फुलत नाही. म्हणून फार लांबून झाडू नये. मीही १८० सोडून १६५ ची तांब्याची वापरतोय दोन वर्षं, अलास्कात.

कोयनाकाठ · २ मार्च

खोट्या काडतुसांची परीक्षा घेतली. आजोबांच्या .३०-०६ वर नळी स्पष्ट खाली गेली. मग रेंजवरच्या एका बाईंनी त्यांची आखूड दस्त्याची ७ मिमी-०८ दिली. पाचपैकी दोन काडतुसं खोटी. दोन्ही वेळा क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) जागचे हलले नाहीत. मी रडले थोडी.

तीच घेतली. बोल्ट ॲक्शन, दस्ता साडेबारा इंच, दुर्बिणीसकट आठ पाउंडांच्या जरा खाली. गोळी तांब्याची, १४० ग्रेन. .३०८ किंवा .३०-०६ सारखी ही काडतुसं गावोगावी मिळत नाहीत, हा तोटा मला कळतो. म्हणून एकाच लॉटची दहा खोकी एकदम घेतली. सराव आणि शिकार दोन्ही त्यातूनच.

बोरीबाभळी · ३ मार्च

बेंचवरून उठ आता. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, काठीवर. आणि रोज घरी, खोलीत एकही काडतूस नसताना, रिकाम्या रायफलीवर वीस वेळा चाप. फौजेत हेच करून घेतात.

कोयनाकाठ · १६ नोव्हेंबर

मंडळी, दोन्ही लायसन्स लागली होती. सविस्तर लिहिते.

ऑक्टोबरमध्ये क्रेगच्या पश्चिमेला, सेजच्या माळावर प्राँगहॉर्न. पहिले दोन दिवस जवळ जाताच येईना, त्यांची नजर फार लांबवर पोचते. तिसऱ्या दिवशी एका कोरड्या ओढ्यातून अर्धा तास रांगत गेले. १९० यार्ड, काठीवर टेकवून, बसून. मादी दहा-बारा पावलं गेली आणि बसली. गोळी खांद्यामागून आत, पलीकडे एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक. दोन्ही खांदे शाबूत, फक्त बरगड्यांजवळचं तळहाताएवढं मांस टाकावं लागलं. तासाभरात कातडं काढून बर्फात ठेवलं. प्राँगहॉर्नच्या मांसाला वास येतो म्हणतात, आमच्याला तो आलाच नाही.

एल्क गेल्या आठवड्यात, मीकरच्या वर, फ्लॅट टॉप्सच्या बाजूला. गुडघ्याएवढं बर्फ. केशरी जॅकेट-टोपी घालून ॲस्पनच्या कडेला आजोबा आणि मी पहाटे साडेपाचपासून बसून होतो. सव्वाआठला सात माद्या आल्या. मोठी मादी १४० यार्डांवर, पण तिरकी, मागून पुढे. दोनदा दुर्बिणीत घेतली आणि दोनदा बोट चापावरून काढलं. ती आडवी होईपर्यंत चार मिनिटं लागली असतील. आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

झाडल्यावर मी बोल्ट मागे-पुढे केला तो कधी, आठवत नाही, हाताने आपोआप केला. ती चाळीस पावलं धावली, ॲस्पनला खेटून उभी राहिली आणि आडवी झाली. बर्फावर गुलाबी, फेसाळ. रानोमाळदादा, ते रक्त पाहिलं तेव्हा आधी तुमचीच आठवण झाली. अर्धा तास तिथेच बसलो आणि मग गेलो.

उघडल्यावर दिसलं की दोन्ही फुफ्फुसं गेली होती, पण गोळी मी धरलेल्या नेमापेक्षा चार बोटं मागे लागली होती. यकृताला जेमतेम चुकली. पोटाच्या पडद्यापासून किती जवळ होती ते बोट लावून पाहिलं. हे मला सुधारायचं आहे. आजोबांचं म्हणणं, मी बर्फात गुडघ्यावर होते आणि पुढच्या हाताचं कोपर अधांतरी होतं. मांस मोकळं करून गाडीपर्यंत न्यायला आम्हा दोघांना चार खेपा लागल्या, शेवटची अंधारात.

रानोमाळ · १६ नोव्हेंबर

तिरकी असताना बोट काढलंस, ते मी सगळ्यात आधी वाचलं. अभिनंदन, कोयना. कोपराचं असं कर: गुडघ्याच्या वाटीवर कोपराचं हाड टेकवू नको, घसरतं. कोपर वाटीच्या पुढे ने, दंडाचा मागचा मऊ भाग गुडघ्यावर येऊ दे. बर्फात पायाखाली पाठपिशवी घे.

हिमगंध · १७ नोव्हेंबर

छान झालं. एल्कचा खिमा करताना त्यात चरबी घालावी लागते का? आमचा मूस इतका कोरडा असतो की मी पंधरा-वीस टक्के डुकराची चरबी मिसळते.

कोयनाकाठ · १७ नोव्हेंबर

रानोमाळदादा, आज संध्याकाळीच दिवाणखान्यात करून पाहिलं. दंडाचा मऊ भाग गुडघ्यावर घेतला की क्रॉसहेअर लगेच शांत होतात. ७ मिमी-०८ च्या दहापैकी चार खोकी उरली आहेत, मार्चपासून पुन्हा सुरू करते.

हिमगंध, मी चरबी न घालता केला. कांदा-खोबऱ्याचं वाटण, पाटणहून आलेला काळा मसाला, आणि मंद आचेवर झाकून सव्वा तास. वाटणाचं तेल पुरतं. पण एल्कची मांडी काळ्या रश्श्यात शिजवायची असेल तर आदल्या रात्री दह्यात ठेवा.